पोपटी स्वेटर आणि भेटीवरचा निबंध

माझी नात युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकत होती तेव्हाची, म्हणजे २०१७ची गोष्ट. मध्ययुगीन इंग्रजी कवितेतल्या भेटवस्तू आणि व्यापार यांवर तिला निबंध लिहायचा होता. जुन्या कवितांत राजा आपल्या माणसांना सोन्याची कडी वाटतो, पुढच्या कवितांत व्यापारी नि तराजू येतात, असा तो विषय. मुलाने लगेच कपाटातून माझी निळी फाईल काढून तिच्या हातात दिली. आजीने एम.ए.ला यावरच लिहिलंय म्हणाला, वर्गात पहिली आली होती.

पहिली आले होते, हे खरं. लिहिलं मात्र मी नव्हतं.

तेव्हा मी हॉस्टेलवर राहायचे. दिवसभर नाटकाच्या तालमी, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल भलताच गैरसमज. खोलीतल्या मैत्रिणीने निबंध लिहून दिला, बदल्यात मी तिला पोपटी स्वेटर विणून दिला. मग मान ताठ करून तो निबंध वर्गात वाचला. खऱ्या भेटीला मोबदला नसतो, असं एक वाक्य त्यात होतं. तिथे तर शिकवणाऱ्या बाईंचे डोळेही भरून आले.

बुधवारी नात म्हणाली, त्यातला एक उतारा ती घेणार आणि तळटीपेत माझं नाव देणार. शुक्रवारी पाचला निबंध द्यायचा होता. मैत्रिणीने तो जुना निबंध पुढे कुठे छापला असेल तर? चोरी निघाली की पोरीला बोलावून घेतील, आणि तिने तर माझ्यावर विश्वास ठेवलेला. गुरुवारी दोनदा दूध उतू गेलं. कोपऱ्यावरच्या डेअरीत ब्रेड आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले.

शुक्रवारी दुपारी तिच्या खोलीच्या दारात उभी राहून सगळं सांगून टाकलं.

तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "सो यू ट्रेडेड इट, आजी? फॉर अ स्वेटर?"

"एक बाही लांब झाली होती," मी म्हटलं.

ती हसली नाही. मैत्रिणीचं नाव विचारलं. पहिलं नाव आठवलं, आडनाव काही केल्या आठवेना. मला खरी लाज वाटली ती तेव्हा.

तिने उतारा काढून टाकला, ती जागा स्वतः लिहून भरली आणि पाचला दहा कमी असताना निबंध पाठवला. मी चहा नेऊन ठेवला होता, तो तसाच गार झाला.

मुलगा अजून पाहुण्यांना सांगतो, आई इंग्रजीत पहिली आली होती. नात खाली मान घालून भाजी वाढून घेते. गप्प राहिल्याबद्दल तिने आजवर काही मागितलेलं नाही. ती कधी मागेल या धास्तीने मीच तिच्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवते.