रूथमावशींची रांग

दुपारची डेमू गाडी यायला वेळ होता. दौंड स्टेशनबाहेर रिक्षात पाय पसरून बसलो होतो, तेवढ्यात शिरूरहून फोन आला. रूथमावशींचा भाचा बोलत होता. मावशी चार दिवस भावाकडे राहायला गेल्या होत्या. सकाळी चहा घेतला, अंगणात खुर्चीवर बसल्या आणि बसल्याबसल्याच गेल्या. मी "बरं" म्हणालो आणि गल्लीत सांगायला रिक्षा वळवली. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली मुलं आणि त्यांच्या आया जीप करून न्हावऱ्यावरून शिरूरला गेल्या, मीही गेलो. दफनविधी झाल्यावर तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "एवढी पोरं कुणाची?" भाचा म्हणाला, "आमच्या आत्याचीच." मावशींनी लग्न केलं नव्हतं. आज या गोष्टीला पाच आठवडे झाले.

जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केल्यावर त्या दौंडला आमच्या समोरच्या घरात राहायला आल्या. मी तेव्हा शाळेच्या मुलांची ने-आण करायचो. रिक्षात दहा-बारा पोरं, दप्तरं बाहेर लटकलेली. माझी मुलगी साक्षी माझ्याशेजारी पुढं बसायची. ती अंगानं भरलेली होती आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. लहानपणी माझ्या ताटात दूध कधी दिसलं नाही. हिच्या हातात मी येताजाता वेफर्सचं पाकीट द्यायचो. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी वजन जास्त असल्याची चिठ्ठी दिली, तेव्हा मी ती घडी करून खिशात घातली आणि बायकोला दाखवलीसुद्धा नाही.

मावशींनी साक्षीच्या अंगावरून कधी शब्द काढला नाही. एकदा सकाळी दारात उभ्या राहून त्यांनी मला फक्त विचारलं, "दत्ता, शाळा किती लांब रे?"

"लांब कुठं? चालत पंधरा मिनिटं."

"मग रिक्षा कशाला?"

मी हसलो. पुढच्या सोमवारी त्या पांढरे बूट घालून निघाल्या, मागं गल्लीतली तीन पोरं. आम्ही स्टँडवर त्यांची बरीच थट्टा केली. पण आयांना ते पटलं. महिन्याभरात रांग दारासमोरून सुरू व्हायची ती कोपऱ्यापर्यंत पोचायची आणि माझी रिक्षा निम्मी रिकामी. मग मात्र मी भांडायलाच गेलो.

"मावशी, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय."

त्यांनी आधी पाणी दिलं. म्हणाल्या, "तुझी अडचण मला कळती. आन् माझी तुला सांगते. चौकात ट्रक थांबत न्हाईत, पोरं रस्ता ओलांडताना माझा जीव वरखाली होतो. तेवढा वेळ तू रिक्षा आडवी लावशील?"

मी भांडायला आलेला माणूस आणि त्या मलाच काम सांगत होत्या. पाण्याचा पेला ठेवून उठून आलो.

त्याच आठवड्यात साक्षी मला म्हणाली, "पप्पा, मी उद्यापासून मागं बसू? पोरं म्हणतात, चढावर रिक्षा माझ्यामुळं पळत न्हाई." ती रडत नव्हती, वहीला कव्हर घालत होती. किती दिवस हे ऐकत असेल, कुणास ठाऊक... मी खिशातली ती चिठ्ठी शोधली, तर पँट धुतली गेली होती. सकाळी तिला घेऊन मावशींच्या दारात गेलो. त्यांनी "ये" म्हणून तिला रांगेत घेतलं आणि मी चौकात रिक्षा आडवी लावली. ट्रकवाल्यांनी शिव्या दिल्या, पण थांबले. उरलेल्या वेळात मी स्टेशनची भाडी करू लागलो आणि आमचं काही अडलं नाही.

वजन कमी करायला काय द्यायचं, असं बायकोनं विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "तिला एकटीला काही द्यायचं न्हाई आन् काही तोडायचंबी न्हाई. घरात सगळ्यांचं ताट एकसारखं. दत्ताचं पोटबी बघ जरा." तेव्हापासून आमच्याकडं वेफर्स आले नाहीत, माझ्यासाठीसुद्धा. गल्लीतल्या बायकांनी मिळून पाण्याच्या टाकीमागची कचऱ्याची जागा साफ केली आणि संध्याकाळी तिथं खो-खो सुरू झाला. वाढदिवसाला मोड आलेल्या मटकीची भेळ व्हायला लागली. शाळेसमोरच्या हातगाडीवाल्या आप्पांना मावशींनी काय सांगितलं ते माहीत नाही, पण त्यांच्या वड्यांशेजारी पेरू आणि उकडलेल्या शेंगा दिसू लागल्या. मुलांचं वजन करू या, तक्ता लावू या, असं एका उत्साही पालकानं सुचवलं, तर मावशी म्हणाल्या, "काटा कांद्या-बटाट्याला ठेवा."

साक्षी काही काडीसारखी बारीक झाली नाही. तशी व्हावी असं आता मला वाटतही नाही. पण ती धावते, खो-खोत पोरी तिला आपल्या बाजूला मागतात, आणि डॉक्टरांनी मागच्या खेपेला चिठ्ठी दिली नाही. तेवढ्यावर आम्ही समाधानी आहोत.

मावशी गेल्यावर रांग बंद पडेल असं वाटलं होतं. पण सोमवारी पोरं ठरल्या वेळेला दारात उभी. आता चौकात माझा स्टँडवरचा मित्र रिक्षा आडवी लावतो आणि मी रांगेबरोबर चालतो. पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. चढाच्या मध्यावर चिंचेचं झाड आहे, तिथं सगळी पोरं आपोआप थांबली. मी विचारलं, तर म्हणाली, "इथं मावशींचा गुडघा धरायचा. मग आम्ही थांबायचो."

"पण आता मावशी न्हाईत ना. चला."

कुणी हललं नाही. साक्षी खाली वाकून बुटाची लेस बांधत होती. मी पाहिलं, लेस सुटलेलीच नव्हती. जवळ गेलो तशी ती हळूच म्हणाली, "त्यांचा गुडघा कधीच दुखत नव्हता, पप्पा. मला दम लागायचा म्हणून त्या थांबायच्या."

"तुला सांगितलं होतं त्यांनी?"

"न्हाई. पण मला दम लागायचा थांबला, तवा त्यांचा गुडघाबी बरा झाला. मग ही तन्वी आली आन् परत दुखायला लागला."

झाडाच्या पाराला टेकून पहिलीतली गुबगुबीत तन्वी धापा टाकत होती. सगळे आपल्यासाठी थांबलेत, हे तिच्या गावीही नव्हतं. साक्षीनं एका बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली, मग दुसऱ्या बुटाची सोडली... मीही चपलेत खडा गेल्यासारखं करून पारावर बसलो.