भिंतीवरची बाई

आमच्या थोरल्या जाऊबाई बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. "तोंड काय, हसतंय. हातच खरं सांगत्यात," म्हणायच्या. लग्न होऊन मी हिर्डोशीत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझे हात असे न्याहाळले, की मी ते पदराखाली घेतले.

नागपंचमीला गावातल्या निम्म्या भिंती त्याच रंगवायच्या. गेरू दिलेल्या भिंतीवर, चावून मऊ केलेल्या काडीनं चुन्याचे नाग काढायच्या. बाजूला बैल, नांगर, फेर धरलेल्या बाया. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून भिंत दाखवायच्या. मी चुलीपुढून ऐकायची आणि भाकरी उगाच जोरात थापायची. भाकरी बघायला कोण कुणाला बोलावतं?

लढाई सुरू झाली आणि माझे मालक पलटणीत गेले. पुढं त्यांची काही खबरच येईना. मनातली काळजी मी कुणापाशी बोलले नाही. थोरले दीर तर त्याआधीच मुंबईच्या गिरणीत गेले होते, ते परत फिरकलेच नव्हते. त्यांचं नाव घरात कुणी काढत नसे.

त्या पंचमीला मी दूध-लाह्या घेऊन बाहेर आले आणि थबकले. भिंतीवर नागाशेजारी, दारात उभी असलेली एक बाई काढली होती. एक पाय उंबऱ्याबाहेर, तोंड रस्त्याकडे, गळ्यातले मणी मुठीत आवळलेले. मी कुणाला न सांगितलेलं सगळं तिथं उघडं पडलं होतं. रडू येण्याआधी मला रागच आला. माझी काळजीसुद्धा यांनीच उचलून नेली, आणि माझ्यापेक्षा चांगली मांडली!

"मला न इचारता मला भिंतीवर का काढलंत?"

जाऊबाईंनी काडी खाली ठेवली. "तुला कुठं काढली? ती मी हाय."

त्यांच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांना चुन्याची बोटं लागलेली होती. तरी माझं मन निवलं नाही. आता ती काळजीही माझी एकटीची उरली नव्हती.

लढाई संपली. माझे मालक आले, एका कानानं बहिरे, पण धडधाकट. थोरले दीर आले नाहीत. थोड्याच दिवसांत जाऊबाईंनी गाठोडं बांधलं आणि किकवीला माहेरी निघाल्या. मी वेशीपर्यंत गेले.

"जाऊबाई, माजं काय चुकलं का?"

"न्हाई गं. तू तुज्या मालकाला जेवाय वाढतीस, त्ये मला बघवत न्हाई. हितं राह्यले तर तुजं वाईट चिंतीन."

माझ्या गालावरून हात फिरवून त्या भोरच्या रस्त्याला लागल्या. इतकी वर्षं मी त्यांच्यावर जळत होते आणि एक अक्षर तोंडातून काढू शकले नव्हते. त्यांनी आपलं जळणं उभ्याउभ्या सांगून टाकलं. मला त्याचाही हेवा वाटला.