माझी डबी आणि नातीचे आठ दात

नातीचा पहिला दात दिसला त्याच दिवशी लेक ब्रश घेऊन आली. दात म्हणजे खालच्या हिरडीतून वर आलेली पांढरी कणी. मी म्हटलं, "अगं, दाताचं बारसं तरी होऊ दे. लगेच आंघोळ घालायला निघालीस."

"दात दिसला की सुरुवात करायची, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. इतके दिवस ओल्या फडक्याने हिरड्या पुसत होते, तू बघितलंस की."

"दुधाचे दात. पडणारच आहेत."

लेकीने माझ्याकडे बघितलं. "माझेही पडणारच होते, आई."

ती पाच वर्षांची असताना तिच्या दोन दाढा काळ्या पडल्या, गाल सुजला, आणि आठ दिवस मी लवंगेच्या तेलाचा बोळा दाबत बसले. त्या वेळीही माझं हेच वाक्य होतं. मी ब्रश हातात घेतला.

लेक बँकेत आहे. सकाळी नऊला ती नातीला माझ्याकडे सोडते आणि संध्याकाळी सहाला घेऊन जाते. मला मुलं फार आवडतात अशातला भाग नाही. शाळेच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं दाखले लिहिल्यावर कुणालाच आवडत नाहीत. पण हे एक मूल आवडतं, आणि नऊ ते सहा ते माझं असतं. गेल्या वर्षी नोकरी सोडली ती गुडघ्यांसाठी, असं मी सगळ्यांना सांगते.

लेकीने पद्धत शिकवली. मांडी घालून बसायचं, मुलाचं डोकं मांडीवर घ्यायचं, तोंड उजेडाकडे. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, कारण एवढ्याशा पोराला थुंकता येत नाही, ते गिळणारच. एका बोटाने ओठ वर करायचा आणि हिरडीच्या कडेने हळूहळू गोल गोल फिरवायचं. बाहेरून, मग आतून. रोज दोनदा. सकाळचं ती माझ्यावर सोपवत होती, रात्री जेवणानंतरचं स्वतः करणार होती. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही.

ऐकायला सोपं होतं. नात चौदा महिन्यांची झाली तोवर चार वर आणि चार खाली असे आठ दात आले होते, आणि ते आठही तिने माझ्या बोटावर वापरून बघितले. ब्रश दिसला की ओठ गच्च मिटायची. मी गाणं म्हटलं. चमचा दाखवून फसवलं. एकदा तर भावलीचे दात घासले. भावलीला दात नाहीत हे नातीच्या माझ्याआधी लक्षात आलं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी मशेरी लावत होते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून भुकटी करायची आणि ती बोटाने हिरड्यांना चोळायची. लग्नाआधीपासून लावत होते. दिवसातून तीनदा, मागच्या गॅलरीतल्या मोरीपाशी उकिडवं बसून. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. मधल्या सुट्टीत मी दहा मिनिटं कुठे जाते हे शिपाईमावशींनाही कळलं नाही. घरच्यांना माहीत होतं, पण तो विषय आमच्यात काढायचा नसतो. मोरीच्या वरच्या फळीवर पावडरचा एक जुना डबा होता आणि त्यामागे माझी गोल पत्र्याची डबी.

संक्रांतीचं हळदीकुंकू लेकीच्या सासरी होतं; लेक-जावई वेगळे राहतात. विहीणबाई मूळच्या वैराग गावच्या. घर मोठं, ओळखी त्याहून मोठ्या. बैठकीच्या खोलीत वीसेक बायका, निम्म्या शिक्षिका. नात सगळ्यांच्या मधून फिरत होती आणि बायका तिचे गाल ओढत होत्या. तेवढ्यात ती हळदीच्या कोयरीपाशी थांबली. पाय दुमडून उकिडवी बसली. डाव्या तळव्यावर चिमूटभर हळद घेतली. उजव्या हाताची बाकीची बोटं मिटून तर्जनी तेवढी ताठ केली, हळदीत बुडवली, तोंडात घातली आणि वरची हिरडी चोळायला लागली. डोळे अर्धे मिटलेले. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू सकाळपासूनची सगळी कामं उरकून आत्ता कुठे बसायला मिळालंय. एक बाजू झाली, मग गाल फुगवून दुसरी बाजू. शेवटी मान तिरकी केली आणि "थू" असा आवाज काढला. थुंकी आली नाही. आवाज मात्र माझाच होता.

खोलीभर हसू फुटलं.

"अगं बाई, हे कुणाचं शिक्षण?" कुणीतरी विचारलं.

"दात घासतीय ती," लेक म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"बोटानं? अन् डोळं मिटून?"

वीसेक बायकांनी आधी नातीच्या पिवळ्या दातांकडे बघितलं आणि मग, मला वाटतं, माझ्या. मी तिळाचा लाडू तोंडात टाकला आणि तोंड मिटून चावत राहिले.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर विहीणबाई मागोमाग आल्या. दार लोटलं आणि माझ्या कानाला लागल्या. "तुमचंबी चुकलंच की, विहीणबाई. उघड्यावर बसायचंच न्हाय. माझीबी डबी हाय, पण मी न्हाणीची कडी लावून घेती. चाळीस वर्षं झाली, ह्यांना पत्ता न्हाय."

मला हा सल्ला पटला. लेकीला पटायचं कारण नव्हतं, कारण तिला तो सांगितलाच नव्हता. परतताना रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "आई, उद्या ती डबी हिच्या हाताला लागली तर? तंबाखू आहे ती. एवढ्याशा पोटात गेली तर दवाखाना गाठावा लागेल. मी एक पाळणाघर बघून ठेवलंय. महिनाअखेरपर्यंत थांबते."

"आणि महिनाअखेरीला?"

"बघू." 'बघू' या शब्दाने मी अठ्ठावीस वर्षं लोकांना परत पाठवलं होतं. त्याचा अर्थ मला चांगला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी मी विहीणबाईंची युक्ती केली. डबी घेऊन बाथरूममध्ये गेले, कडी लावली. दोन मिनिटं शांतता, मग दारावर थापा, मग रडणं, मग पुन्हा शांतता. ही दुसरी शांतता मला आवडली नाही. दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर नात उकिडवी बसलेली, तर्जनी तोंडात. दाराला कान लावून तिने माझ्यासोबत सगळं केलं होतं. "थू" सुद्धा वेळेवर.

मी तिथेच बसले. मला दोन गोष्टी कळल्या. एक, या मुलीला दात घासायचे नाहीत असं मुळीच नाही. तिला ते माझ्यासारखे घासायचे आहेत. दोन, कडीचा काही उपयोग नाही.

डबी मी सकाळच्या घंटागाडीत टाकली. तव्यावर भाजायला ठेवलेली तंबाखूही टाकली. हे लिहायला एक ओळ लागते. करायला लागलेले पहिले चार दिवस कसे होते ते शेजारणीला विचारा. तिने वाटी परत केली तर मी तिला "एवढी घाई काय होती" म्हणून झापलं. डोकं ठणकत होतं, पोट साफ होत नव्हतं, आणि बोट आपोआप फळीकडे जात होतं. तोंडात बडीशेप कोंबून मी दिवस ढकलले. पाचव्या दिवशी दुकानापर्यंत गेले होते. दुकानदाराने विचारलं, "काय देऊ, काकू?" मी मीठ घेऊन परत आले. घरात मीठ होतं.

रोज सव्वानऊला मात्र आम्ही दोघी मोरीपाशी उकिडव्या बसायचो. गुडघे ओरडायचे. तिच्या ब्रशवर तांदळाचा दाणा, माझ्या ब्रशवर वाटाणा. मी तोंड उघडलं की ती उघडायची. मी वरची बाजू घासली की ती वरची. ती घासायची म्हणजे ब्रश चावायची, हे खरं; म्हणून तिचं झालं की डोकं मांडीवर घेऊन मी नीट घासायची. आधी तिची पाळी, मग आजीची, हा करार तिला मान्य झाला. चावणं आठवड्यात दोनदा एवढ्यावर आलं.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी नातीची पिशवी द्यायची राहिली म्हणून लेक अर्ध्या वाटेतून परत आली, आणि पाठीशी येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही. पुढचं दार लावायचं मी विसरले होते. ती बघत होती आणि नात तिच्यासमोर ब्रश घेऊन बसली होती, पाय दुमडून, डोळे अर्धे मिटून, तर्जनी ब्रशच्या दांडीवर ताठ. एक बाजू, गाल फुगवून दुसरी बाजू, मान तिरकी, "थू."

"आई, हे अजून तेच आहे."

"पद्धत तीच आहे," मी म्हटलं. "माल बदललाय."

लेक फळीपाशी गेली. पावडरचा डबा उचलला, मागे हात फिरवला. फळी पुसून घेतलेली होती. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आ कर."

"वेडी का तू?"

"आई, आ कर."

मी आ केला. तिने माझी हनुवटी उजेडाकडे वळवली आणि ओठ बोटाने वर केला, तिने मला शिकवलं होतं अगदी तसं. नातही उठून माझ्या मांडीवर हात टेकून तोंडात डोकवायला लागली. दोघींनी बराच वेळ घेतला. हिरड्यांचा काळेपणा एवढ्यात जात नाही हे मला माहीत होतं, पण लेक काय बघत होती ते मला कळत होतं.

"आतल्या बाजूने नीट घासत जा," ती शेवटी म्हणाली. मनगटावरचं घड्याळ बघितलं. नातीची लंगोटांची पिशवी नेहमीच्या खुंटीला अडकवली. "सहाला येते."