करंदीकर बाईंच्या वाफ्यातलं निंदण

एका निवृत्त शिक्षिकेची सहा वर्षांची मेहनत मी एका सकाळी, साडेतीन तासांत, मुळासकट उपटली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मजुरीही मागितली नाही. उलट निघताना वाफ्याला नमस्कार करून आले!

ही गोष्ट नवीन पनवेलची, नव्वदीच्या सुरुवातीची. मी यवतमाळकडची. सातवीत माझी शाळा सुटली (म्हणजे शाळा जागेवरच होती, मी सुटले). पुढची काही वर्षं लोकांच्या वावरात निंदण केलं, म्हणजे पिकातलं तण खुरपलं, आणि मग लग्न होऊन थेट इकडे आले. नवरा तळोज्याच्या कारखान्यात, पाळी कधी सकाळची तर कधी दुपारची. चार मजली इमारतीत तळमजल्यावर एक खोली भाड्यानं घेतलेली. माहेर इतकं लांब, की आईचं उत्तर येईपर्यंत पत्रात मी काय विचारलं होतं तेच विसरायची. त्यात मला काळजी करायची फार हौस. नळाला पाणी आलं नाही की काळजी, आलं की ते आता जाईल याची काळजी!

अशा दिवसांत समोरच्या दारात करंदीकर बाई भेटल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. माझ्या तान्ह्या मुलीला खोकला झाला तेव्हा त्या माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या आणि दोन तास रांगेत बसल्या. मी आईला लिहिलेली पत्रंही बाईच पोस्टात टाकायच्या, तीसुद्धा त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ न सुधारता. (शिक्षिकेच्या जिवाला केवढे कष्ट पडले असतील!) या उपकारांची फेड कशी करावी ही माझी सगळ्यात मोठी काळजी होती.

बाई दर रविवारी सकाळी घरी एक वर्ग घ्यायच्या. आपल्या मातीतल्या औषधी वनस्पती कशा लावाव्यात, आणि घर काटकसरीनं कसं चालवावं. सेक्टरमधल्या दहा-बारा बायका वह्या घेऊन यायच्या. ओला कचरा खड्ड्यात टाकून खत करा, तांदळाचं धुवण झाडांना घाला, जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवा. हे सगळं आम्ही गावी गरिबी म्हणून करत होतो. इथे त्यासाठी वही लागायची!

मी त्या वर्गात नव्हते. मी चहा करायची. तेही मला कोणी सांगितलं नव्हतं. वहीवाल्या बायकांत बसायची छाती नव्हती, म्हणून मीच स्वयंपाकघर धरलं.

"शोभा, अगं ये ना बाहेर. बस जरा," बाई हाक मारायच्या.

"आले बाई, एक उकळी येऊ द्या!"

ती उकळी दीड वर्ष येत होती.

इमारतीच्या मागे कुंपणाला लागून थोडी जागा होती. तिथे बाईंची बाग. कडेला अडुळसा, तुळस, गवती चहा, म्हणजे माझी ओळखीची मंडळी. मध्ये मात्र छोटे छोटे वाफे आणि प्रत्येक वाफ्यात तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली पाटी: माका, भुईआवळी, पुनर्नवा, ब्राह्मी, घोळ. रविवारी वर्ग संपला की बाई बायकांना तिकडे घेऊन जायच्या. तेवढा वेळ मी कपबश्या विसळायची.

त्या वर्षी सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी नवी स्कूटर घेतली. स्कूटर घेतल्यावर माणसाला सगळीकडे पार्किंग दिसायला लागतं. त्यांना बाईंच्या बागेत दिसलं. दसऱ्यानंतरच्या मीटिंगमध्ये ठरलं, की पुढच्या रविवारी अकरा वाजता कमिटी बाग बघायला येईल. बागेचा उपयोग पटला तर जागा बाईंची, नाही पटला तर सिमेंट!

आणि नेमकं त्याच आठवड्यात बाईंना बहिणीच्या आजारपणासाठी पुण्याला जावं लागलं.

"रविवारी सकाळी येतेच मी," पायरीवर बॅग ठेवून त्या म्हणाल्या. "वाफे तेवढे बघ हं, शोभा. कमिटीसमोर माझी लाज तुझ्या हातात आहे."

माझ्या हातात! दीड वर्ष मी ज्या संधीची वाट बघत होते, ती आज पायरीवर येऊन उभी राहिली होती.

शनिवारी सकाळी मी बागेत गेले आणि कपाळाला हात लावला. पाट्या होत्या, पण पीक नव्हतं! पाटीवर 'माका' लिहिलंय आणि खाली माजलंय तण. 'भुईआवळी' लिहिलंय, खाली तण. 'पुनर्नवा', तण! मला सगळा प्रकार लगेच कळला. बाईंनी बिचाऱ्यांनी हौसेनं काहीतरी महागाचं बी पेरलं होतं, आणि निंदण न केल्यामुळे ते वर येतच नव्हतं. ही सगळी झुडपं मी लहानपणापासून ओळखत होते. आमच्याकडे बायका त्यांना नावंही ठेवायच्या, पण ती इथे छापण्यासारखी नाहीत. कपाशीच्या ओळीत यांतलं एक जरी राहिलं तरी मुकादमीण सगळ्यांदेखत कान उपटायची. वावरात तण म्हणजे मालकाची अब्रू बांधावर टांगलेली! आणि इथे तर उद्या कमिटी येणार!

मी पदर खोचला आणि खुरपं घेतलं.

नवऱ्याची दुपारची पाळी होती. तो ब्रश तोंडात धरून मागच्या दारात आला. "काऊन वं, काय करून राह्यली?"

"बाईंच्या पेरणीचा जीव गुदमरतोय हो!"

"मंग बाईले विचारलं का?"

"त्यात काय विचारायचं? तण कोणी विचारून काढतं का?"

(सातवीनंतर मला प्रश्न विचारायची सवयच राहिली नव्हती. हे वाक्य मी आज कंसात लिहिते आहे, खरं तर ते त्या कुंपणावर लिहायला हवं होतं.)

थोड्या वेळानं चेअरमनसाहेब पिशवी घेऊन चालले होते, ते थबकले. "अरे वा! फारच छान काम चाललंय! जागा एवढी प्रशस्त आहे, हे आजपर्यंत कळलंच नव्हतं!" त्यांनी पावलं टाकून जागा मोजायला सुरुवात केली. मला तिथेच कळायला हवं होतं. मी मात्र त्यांना नीट मोजता यावं म्हणून बाजूला सरकले!

तेवढ्यात भीमाबाई आली. शेजारच्या गावातून ती आमच्या सगळ्या इमारतीला दूध घालायची. ढीग बघून तिचे डोळे चमकले.

"आता गो बाय! एवरा हिरवा पाला? आमचे म्हशीला नेऊ काय?"

"न्या की! तेवढीच जागा स्वच्छ."

भीमाबाईनं पोत्यात कोंबून सगळं नेलं. मी माती हातानं सारखी केली, पाणी शिंपडलं, पाट्या राखेनं घासून लखलखीत केल्या आणि पुन्हा एका ओळीत रोवल्या. स्वच्छ काळी माती आणि त्यावर चकाकणाऱ्या नावाच्या पाट्या. मला ते शाळेच्या वर्गासारखं दिसलं. स्मशानासारखं दिसतंय हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी आठ वाजता बाई आल्या त्या बॅगेसकट थेट मागेच गेल्या. मी शाबासकी घ्यायला त्यांच्या मागोमाग.

"शोभा... माझा माका कुठे गेला?"

"यायचाय अजून, बाई. आता येईल बघा भराभर."

"आणि इथे जे होतं ते?"

"तण होतं ते! सगळं काढलं, बाई. मुळासकट!" 'मुळासकट' मी जरा ताठ मानेनंच म्हटलं.

बाई बॅगेवर बसल्या. मग त्या हळू आवाजात एकेक पाटी वाचत गेल्या. "माका. भुईआवळी. पुनर्नवा. ब्राह्मी..." वर्गात हजेरी घेतात तशा. हजर कोणीच म्हणालं नाही. पाचव्या नावाला माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पायाखालची माती (जी मीच एवढी सारखी केली होती!) सरकली.

"म्हस!" मी ओरडले आणि घरात पळाले.

नवऱ्यानं सायकल काढली, मी मागे बसले, मुलीला बाईंच्या मांडीवर टाकलं. (ज्या बाईचं सगळं उपटलं तिलाच मूल सांभाळायला दिलं, एवढी मी विचारी!) भीमाबाई गोठ्यात शेण काढत होती.

"भीमाबाई, तो कालचा पाला!"

"तो कालच खाल्लान गो तिनं. आता काय मिलनार? शेनात बग!"

"सगळा?"

"सगला! आन दूद बी तुमच्याच बिल्डिंगला घालून आलंय." म्हणजे एव्हाना बाईंची बाग चेअरमनसाहेबांच्या चहात पोचली होती.

मी तिथेच रडायला लागले, तशी भीमाबाई वरमली. "ररतंस कशाला? हा पाला बांधाबांधाला हाय. नाल्याच्या कडेला जा, पायजे तेवरा उपट."

गेलो. दीड तास मी खुरप्यानं ओल्या मातीसकट एकेक तण हळुवार काढत होते, बाळाला उचलावं तसं. नवरा मदतीला होता, पण त्याचं लहानपण कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवारात गेलेलं. गवत आणि गहू यातला फरक त्याला लग्नानंतर मी सांगितला. साडेदहाला आम्ही परत आलो आणि लावायला घेतलं.  बाईंनी कोरी साडी नेसली, केस नीट केले आणि येऊन उभ्या राहिल्या. 

ऑक्टोबरचं ऊन! पहिली ओळ लावून होईपर्यंत रोपांनी माना टाकल्या. मी पाणी आणायला धावले. "ते कोपऱ्यातले तेवढे तुम्ही लावा हो," असं नवऱ्याला सांगून. बादली घेऊन परत येते, तर कमिटी हजर.

मग बाई बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा धडा पूर्ण ऐकला, हातात भरलेली बादली धरून.

"न पेरता जे उगवतं, ते बिनकामाचं असं आपण धरून चालतो," त्या म्हणाल्या. "आपली आजी याच झुडपांना नावानं हाक मारायची. आपण नावं विसरलो आणि सगळ्यांना मिळून तण म्हणायला लागलो."

दीड वर्ष दर रविवारी हे वाक्य बाहेर बोललं जात होतं, आणि मी आत गाळणं शोधत होते!

कमिटीतली माणसं माना डोलावत होती. झोपलेल्या रोपांकडेही ती मायेनं बघायला लागली. चेअरमनसाहेबसुद्धा खाली वाकले. "स्मरणशक्तीची म्हणतात ती कोणती हो, ब्राह्मी?" त्यांनी कोपऱ्यातली पाटी वाचली आणि तिथलं एक पान खुडलं.

मी बघितलं आणि हातातली बादली खाली ठेवली. नवऱ्यानं ब्राह्मीच्या जागी गाजरगवत लावलं होतं! अंगाला लागलं तरी खाज सुटते ते! बाई पाठमोऱ्या होत्या, त्यांना दिसत नव्हतं. ओळखणारी तिथे मी एकटी. "साहेब, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण एवढ्या शिकलेल्या माणसांत मी कोण बोलणारी? मी गिळले ते शब्द.

साहेबांनी पान गिळलं नाही, पण चावलं मात्र भरपूर. मग थुंकले, खोकले, लाल झाले, आणि पहिला शब्द फुटला तो "सिमेंट!" ती चव ते पुढे कधीच विसरले नाहीत. म्हणजे स्मरणशक्तीचं काम झालं म्हणायचं!

आठ दिवसांत सिमेंट पडलं.

मी बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. "बाई, माझ्यामुळे गेलं सगळं. मला ठाऊक होतं ते गाजरगवत आहे. बोलले नाही मी."

 "वर्गातल्या बाराजणींना मी पानं ओळखायला शिकवत बसले," त्या म्हणाल्या, "आणि त्या सगळ्यांहून जास्त झाडं ओळखणारी बाई माझ्या ओट्यापाशी उभी होती. आणि मी तिच्या हातचा चहा पीत होते."

पुढच्या रविवारी चहा बाईंनी केला. मला बायकांत बसवलं, मांडीवर वही दिली. (तो चहा फार वाईट होता. पण बोलायची माझी लायकी नव्हती.)

वर्ग पुढे डालड्याच्या डब्यांत लावलेल्या रोपांवर चालला. नाल्याच्या कडेनं सगळं पुन्हा मिळालं, भीमाबाई म्हणाली तसं. फक्त ब्राह्मी बाईंच्या आईच्या परसातली होती, चिपळूणहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. आईही नव्हती आणि परसही नव्हतं. हे मला बाईंनी खूप वर्षांनी सांगितलं, एकदाच, पाट्या माझ्या हवाली करून त्या नाशिकला मुलीकडे कायमच्या निघाल्या त्या दिवशी. दुसरी ब्राह्मी मी किती लावली. ती ती नव्हे.

सिमेंटच्या भेगेतून मात्र माका आला होता, चेअरमनसाहेबांच्या स्कूटरच्या मागच्या चाकाशी. बाई जाता-येता त्याच्याकडे बघून हसायच्या. मला अजून नीट हसता येत नाही.

आता रविवारचा वर्ग मी घेते. माझ्या वर्गात चहा मिळत नाही. पण खोड जात नाही हो! कुठे वाफा दिसला की आजही हात शिवशिवतात. म्हणून कोणाच्याही बागेत जायचं झालं, तर मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, मान खाली घालून हळूहळू चालते. लोक आपसात म्हणतात, "बघा, सातवी शिकलेली बाई, पण चाल कशी प्रोफेसरांसारखी! सारखी कसल्यातरी गहन विचारात असते!"