आप्पा, आक्का आणि माळ्यावरचं पोतं

माझे चुलते आप्पा यांचा साऱ्या जगाविषयीचा अभिप्राय एका शब्दात मावत असे. तो शब्द म्हणजे ‘ह्यॅ’. गावात डांबरी रस्ता झाला, ह्यॅ. घरात फोन आला, ह्यॅ. पुतण्या बी. कॉम. झाला, तेव्हा तर दोनदा ह्यॅ. माझ्यासाठी मुलगी बघून आलो त्या दिवशी सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. आप्पांनी अंगणात पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, “पोरगी बरी हाय. आपलं पोरगं तेवढं दावू नका, म्हंजी जमंल.” माझी बायको हे वाक्य अजून पाहुण्यांना सांगते, आणि पाहुणे माझ्याकडे बघून मान डोलावतात.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आप्पांच्या तरुणपणी मेंढरं विकून आम्ही इनामगावच्या बाजूला घोड नदीकाठी शेती धरली. मेंढरं गेली, पण आप्पांच्या हातातली मोजपट्टी तीच राहिली. सरपंच असो, गुरुजी असो, जावई असो, आप्पा त्याला मेंढराशेजारी उभा करून बघत, आणि दर वेळी मेंढरू जिंकत असे. मी अकौंट्समध्ये दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा ते मला म्हणाले होते, “ए कारकुना, मेंढरू एकदा ज्या खड्ड्यात पडलं तिकडं पुन्हा फिरकत न्हाई. तू तर तिथंच चटई टाकलीस.” मी तेव्हा कारकून नव्हतो. पण पुढे झालो. माणसाची पारख त्यांना होती, हे कबूल केलं पाहिजे.

कारकून झालो तो सफारी पार्कात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शिरूरकडच्या काही हौशी मंडळींनी ट्रस्ट काढून नदीकाठी हा पार्क उभा केला. सफारी म्हणजे काय, तर खिडक्यांना जाळ्या ठोकलेली एक जुनी बस, माणसाला बघून न पळणारी हरणं, मोर आणि उन्हाळ्यात झोपलेलं ते दिवाळीलाही न उठणारं एक अस्वल. पण तळ्यात मात्र पाणघोड्यांची खरीखुरी जोडी होती. अध्यक्षांनी उद्घाटनाच्या भाषणात “घोड नदीला पाणघोडा शोभून दिसेल” असं वाक्य टाकलं आणि टाळ्या घेतल्या. माझा अजून समज आहे की त्या एका वाक्यासाठीच ती अवाढव्य जनावरं एवढ्या लांबून आणली होती.

आणली खरी, पण त्यांच्याजवळ जायला कुणी तयार होईना. नेमलेले दोन रखवालदार पहिला जबडा उघडलेला बघून सरळ दौंडच्या एसटीत बसले. आप्पा त्या दिवशी फुकटात जनावर बघायला आले होते. कुंपणाला टेकून त्यांनी त्या मादीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “ह्यॅ. हिला राग न्हाई आला, भूक लागलीया.” मग पाटीभर भोपळे घेऊन ते दार उघडून आत गेले. बाहेर येताना नोकरी लागलेली होती.

मादीचं नाव त्यांनी आक्का ठेवलं, कारण आमची थोरली आत्याही ताटावर बसली की कुणाचं ऐकत नसे. मग नर आपोआपच दाजी झाला. रोज सकाळी आप्पा लोखंडी बादलीवर हाताने दोन थापा मारत आणि ओरडत, “आक्काऽ, ऊठ, गिळायला ये!” पाण्यातून आधी दोन कान वर येत, मग डोळे, मग बाकीचा डोंगर. घरात काकीशी दिवसभरात चार शब्द न बोलणारा हा माणूस आक्काशी तासभर बोलत असे. बोलणं म्हणजे अर्थात शिव्याच. अध्यक्ष कसे चालतात, पुतण्या कसा लिहितो, पाहुणे कसले कपडे घालून येतात, हे सगळं तिला रोज कळत असे. एकदा प्रमुख पाहुणे फोटोसाठी तिच्या मागच्या बाजूला उभे राहिले. पाणघोडा शेण टाकताना शेपटी पंख्यासारखी फिरवतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांना माहीत होतं. मी नंतर विचारलं, “आप्पा, सांगायचं न्हाई का?” तर म्हणाले, “तिची जागा हाय. ती सांगंल न्हाई तर काय.”

मग ती दोन कोरडी वर्षं आली. तळ्याचा चिखल झाला आणि चिखलाच्या भेगा झाल्या. ट्रस्टने ठरवलं, जोडी परराज्यातल्या एका प्राणिसंग्रहालयाला द्यायची. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे विनंती घेऊन गेले. “दोन महिनं कळ काढा. माझ्या विहिरीचं पानी देतो, पीक जळालं तर जळू द्या.” अध्यक्ष म्हणाले, “आप्पा, हे तांत्रिक विषय आहेत.” तांत्रिक विषयाचं पत्र मी टाइप केलं, सुवाच्य.

नेण्याच्या दिवशी आक्का पिंजऱ्यात शिरेना. शेवटी आप्पाच बादली वाजवत पुढे झाले. ती त्यांच्यामागे मुकाट आत गेली. ते पलीकडच्या दाराने बाहेर पडले आणि दोन्ही दारं बंद झाली. ट्रक गेला. आप्पांनी बादली आणून माझ्या टेबलावर, हजेरीपुस्तकावर पालथी घातली. “पुन्हा ह्या फाटकात पाय ठिवला, तर नावाचा आप्पा न्हाई.” संध्याकाळी फाटकावरचा रखवालदार सांगत आला की आप्पा जाताना एक भरलेलं पोतं खांद्यावर घेऊन गेले. मला वाटलं, जनावरांचा उरलेला कोंडा असेल. मी मोठ्या मनाने त्याकडे काणाडोळा केला आणि बरेच दिवस स्वतःवर खूश होतो.

त्यानंतर पाच वर्षं आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. घरच्या कार्यात समोरासमोर बसलो तर ते काकीला म्हणत, “त्याला इचार, भात पायजे का.”

पाणघोडे गेल्यावर पार्कात माणूसही फिरकेना. तेव्हा ट्रस्टला पाणघोड्यांची माया आली. पुष्कळ पत्रं गेली, मीच टाइप केली, आणि ठरलं की आक्काला परत आणायचं. मी धीर करून आप्पांकडे गेलो.

“आप्पा, आक्का येतीय.”

“ह्यॅ. गेलेलं जनावर येत न्हाई. तुमच्या कागदावर येतंय फकस्त.” पाच वर्षांनी मिळालेले ते पहिले शब्द. मग पान लावत, “दाजी?”

“तिकडंच गेला. पण लेक हाय तिला, तीन वर्षांची.”

“तोंड कुनावानी?”

“पाणघोड्यावानी.”

“ह्यॅ,” आप्पा म्हणाले. पण आत वळताना त्यांनी दाराची चौकट धरली होती.

तळ्याची तयारी माझ्याकडे होती. मी ते काम असं केलं की तसं आधी कुणी केलं नसेल. दहा माणसं लावून जुना गाळ खरवडला, चुना मारला, फिनेलने दोनदा धुतलं, काठाला निळ्या फरशा बसवल्या. अध्यक्ष म्हणाले, “आता कसं दवाखान्यासारखं वाटतंय.” मी लाजलो.

आक्का एप्रिलातल्या एका सकाळी ट्रकमधून उतरली. गावातल्या बायका ताटं घेऊन आल्या होत्या. माहेरवाशीण आली, तीही लेकीला घेऊन, मग ओटी नको भरायला? एकीने लांबूनच पिंजऱ्याच्या गजांतून नारळ आणि खण सरकवला. आक्काने नारळ सुपारीसारखा फोडला आणि खणासकट गिळला. बायका कौतुकाने हसल्या. तेवढाच काय तो त्या दिवशीचा ठरल्याप्रमाणे झालेला कार्यक्रम.

क्रेनने दोन्ही पिंजरे तळ्याच्या उतारावर ठेवले. दारं उघडली. आक्काने नाक पुढे केलं, फुसकारा टाकला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. आई हलेना म्हणून लेकही हलेना. भोपळे टाकले, कलिंगडं टाकली. ऊन चढू लागलं. पाइपने अंगावर पाणी मारत होतो, तरी तिच्या पाठीवर भेगा दिसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, “दुपारच्या आत पाण्यात गेल्या नाहीत, तर दोघींचंही काही खरं नाही.” अध्यक्षांनी बँड वाजवून बघायची सूचना केली. मी स्कूटरला किक मारली.

आप्पा ओट्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, आणि पायाशी एक तोंड शिवलेलं पोतं. सकाळपासून असेच बसलेत, काकी म्हणाली.

“आप्पा, ती बाहेर येईना.”

“फिनेल मारलंस?”

“हो.”

“चुना?”

“हो.”

“मेंढरू बरं,” आप्पा म्हणाले आणि पोतं उचलून माझ्या स्कूटरवर, आमच्या दोघांच्या मधे ठेवलं. फाटक आलं तेव्हा त्यांनी दोन्ही पाय वर उचलून धरले. म्हणाले, “पाय ठिवनार न्हाई म्हनलो व्हतो. चाकाचं बोललो नव्हतो.”

तळ्यावर त्यांनी पोत्याची शिवण उसवली. आत कोंडा नव्हता. पाच वर्षांपूर्वीचं, वाळून भुसा झालेलं आक्काचं शेण होतं. आमची जुनी माणसं मेंढरं नव्या मुक्कामी नेताना जुन्या वाड्यातल्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणातल्या, लेंड्यांचं एक गाठोडं बरोबर घेत आणि ती नव्या जागी आधी पसरत. मग मेंढरं बिनघोर बसत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी ते बी. कॉम. होताना विसरलो होतो.

आप्पांनी उतारावर, फरशांवर, पाण्याच्या कडेला ते शेण पसरलं आणि पाणी शिंपडलं. जो वास सुटला तो सांगण्यासारखा नाही. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. आप्पांनी बादली मागितली. ती माझ्याच टेबलाखाली होती, का कुणास ठाऊक, मी टाकली नव्हती. दोन थापा पडल्या.

“आक्काऽ, ऊठ, गिळायला ये!”

आधी दोन कान हलले. मग ती उठली, बाहेर आली, जमिनीला नाक लावून सावकाश सगळा उतार हुंगला. आप्पांच्या धोतराला घासून ती पुढे गेली, त्यांच्याकडे न बघता. काठाशी वळली, शेपटीचा पंखा सुरू केला आणि माझ्या निळ्या फरशा, आणि मी, एकदम जुने करून टाकले. मग पाण्यात उतरली. मागून लेक धपकन पडली.

“ह्यॅ,” आप्पा म्हणाले. “पाच वर्सांनी आली, आन् राम राम न्हाई.” ते पटक्याच्या शेवाने डोळे पुसत होते. माझ्याकडे बघून खेकसले, “बघतोस काय? तुझं फिनेल डोळ्यात गेलंय.”

पोत्यात निम्मं शेण शिल्लक होतं. आप्पांनी तोंड पुन्हा बांधलं आणि माझ्या हातात दिलं. “हे तुझ्या घरी ठिव. ट्रस्टवाले पुन्हा घालवतील तिला. मग पुन्हा आनतील. तवा मी नसनार.”

ते खरोखरच फार दिवस राहिले नाहीत. दोन वर्षं रोज सकाळी माझ्या स्कूटरवर पाय उचलून फाटकातून आत येत राहिले, शिव्या देत राहिले आणि एका पावसाळ्यात गेले. त्या आठवड्यात बादली मी वाजवली. आक्काने एक कान वर काढला, मला बघितलं आणि परत बुडाली. तिचंही मत आप्पांसारखंच असावं.

आक्का अजून तळ्यात आहे. पोतं आमच्या माळ्यावर आहे. दर दिवाळीला साफसफाई करताना बायको शिडीवरून विचारते, “अहो, हे घाण पोतं आता तरी टाकू का?”

आणि आप्पांनी मला वारशात दिलेला एकुलता एक शब्द मी तिला ऐकवतो.