न विचारता केलेलं निंदण

माझी मुलगी अकरा वर्षांची. एका रविवारी दुपारी ती माझ्या फोनवर गेम खेळत होती आणि फोनमधून कुणी मोठा पुरुष तिला शिव्या देत होता. सोफ्यावर आडवे झालेले माझे सासरे उठून बसले. सगळा जन्म त्यांनी अंजनगाव सुर्जीच्या बाजारात आणि वावरात काढलाय, त्यांना शिव्यांचं नवल नाही. पण ती शिवी ऐकून नात हसली, याचं त्यांना नवल वाटलं.

"कोण होय व हा?" त्यांनी विचारलं.

"मालूम नाही आबा. आमच्या टीममधला आहे. मी मेली म्हणून चिडला."

मी फोन हिसकावला, गेम उडवून टाकला आणि वर दहा मिनिटं भाषण दिलं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे माझं भाषण मुद्दा एक, मुद्दा दोन असं चालतं. मुलीनं ते सगळं उभ्यानं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "पण ती तिथंच भेटते मले."

ती म्हणजे तिची मैत्रीण. पहिली ते पाचवी दोघी एका बाकावर, आणि घरं समोरासमोर. मागच्या उन्हाळ्यात तिच्या अब्बूंनी घरचं बांगड्यांचं दुकान सांभाळायला अकोल्याला, जुन्या शहरात बिऱ्हाड हलवलं. अमरावतीहून अकोला काही परदेश नाही, पण शाळा आणि क्लासच्या चक्रात वर्षभर जाणं झालं नाही. फोन लावून दिला की "काय करून राहिली?" "काही नाही. तू?" एवढं होऊन दोघी गप्प. मुलांना नुसतं बोलता येत नाही, हातानं काही करता करता बोलायचं असतं. वीस वर्षं वर्गात उभी राहून मला हे कळायला हवं होतं.

शिवाय त्या गोळीबाराच्या गेमनं दोघींमध्ये आधीच वितुष्ट आणलं होतं. शेवटी एकच उरायचा आणि तोच जिंकायचा. माझ्या लेकीनं एकदा मैत्रिणीला मागून गोळी घातली होती, गंमत म्हणून, आणि ती चार दिवस बोलली नव्हती. म्हणजे गेम ठेवला तरी मैत्री धोक्यात, काढला तरी धोक्यात. काढला होता मी, तेव्हा दुसरा शोधणंही माझ्याच गळ्यात आलं.

मी वहीत अटी लिहून काढल्या. अनोळखी माणसाचा आवाज घरात यायला नको. दोघी एकाच बाजूनं खेळाव्यात. जेवायला हाक मारली तर मध्येच ठेवून उठता यावं. आणि दर पाच मिनिटांनी हे घ्या, ते घ्या म्हणून गेमनं अंगावर येऊ नये. सासऱ्यांनी वही वाचली आणि म्हणाले, "एवढ्या अटी तं लग्नाच्या बैठकीतही नाई ठेवत कोणी."

पहिला गेम गोड सशांचा होता. दहा मिनिटांत त्या सशांनी तीनदा हात पसरला, मी त्यांना निरोप दिला. दुसरा दोघांनी मिळून स्वयंपाक करायचा. तो शनिवारी दुपारी मी आणि नवऱ्यानं तपासून पाहिला. माझा नवरा स्वभावानं थंड आहे, पण त्यानं सूप करपवलं, मी ताटल्या फेकल्या, आणि चहा होईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. गेम वाईट नव्हता, पण ज्यात आमचा संसार तरला नाही त्यात मी मुली कशाला घालू?

तिसरा शेतीचा. दोघींचं मिळून एक वावर, बोलावल्याशिवाय आत कुणी येत नाही, आणि एक नसली तरी दुसरीला पाणी देता येतं. मी अकोल्याला मैत्रिणीच्या अम्मीला फोन केला. तिनंही दोन दिवस खेळून पाहिलं. "अच्छा है भाभी," ती म्हणाली, "इसमें झगड़े की गुंजाइश नहीं." त्या वेळी मलाही तसंच वाटलं.

रोज संध्याकाळी एक तास ठरला. फोन स्पीकरवर, टॅब मांडीवर, आणि दोघींची बडबड सुरू. टमाटर लावता लावता अकोल्याच्या नव्या बाई किती कडक, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं बाहेर यायचं. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांनी पाटी लावली: दोघींचं वावर. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि स्वतःवर फार खूश असायचे.

सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. डोळा छान झाला, पण डॉक्टरांनी वावरात वाकायला मनाई केली होती, आणि रिकामं बसणं या माणसाला येत नाही. आधी ते नातीच्या मागे बसून शेरे मारायचे. "चार दिवसांत टमाटर? आमचं रोपही एवढ्यात मान वर नाई काढत." मग तिनंच त्यांना बोट कुठं दाबायचं ते शिकवलं. ती शाळेत गेली की दुपारी टॅब त्यांच्याकडे असायचा.

एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान. "पुरं वावर निंदून टाकलं. धुऱ्यापर्यंत तन ठेवलं नाई," म्हणाले. मी पेपर तपासत होते. मान वर न करता "छान" म्हणाले.

संध्याकाळी फोनवर मैत्रिणीचा आवाज एकदम बदलला. नदीच्या कडेचा कोपरा साफ उघडा होता. "तूच केलं," ती म्हणाली. "त्या वेळेसारखं." आणि फोन ठेवला.

त्या कोपऱ्यात तिनं रानफुलं लावली होती. तिथं हात लावायचा नाही, एवढंच तिनं माझ्या लेकीला सांगितलं होतं. वीस दिवस ती फुलं नुसती गवतासारखी दिसतात, मग फुलतात. गेम खेळणाऱ्या कुणाच्याही नजरेतून ते गवत सुटलं असतं. पण साठ वर्षं निंदण केलेल्या आणि नुकताच नवा डोळा मिळालेल्या माणसाच्या नजरेतून सुटणार नव्हतं.

जेवताना लेकीनं रडवेल्या आवाजात हे सांगितलं तेव्हा सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "नदीकडचा कोपरा? ते म्या काढलं," ते म्हणाले.

मी लगेच अकोल्याला कळवलं. तिच्या अम्मीनं मुलीला समजावलं, पण ती ऐकेना. दोस्तला वाचवायला सगळे मोठे मिळून खोटं बोलतात, असं तिचं म्हणणं. सहा दिवस तिनं फोन घेतला नाही. माझी लेक शाळेतून आली की टॅब उघडायची आणि त्या उघड्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. काही लावायची नाही. तिच्याकडे पाहिलं की मला माझा तो "छान" आठवायचा.

शनिवारी सासरे म्हणाले, "उद्या अकोल्याले जाऊ."

"बाबा, गेम आहे तो," नवरा म्हणाला.

"पीक कोणाचं होतं? लेकराचं. आपले ढोरं कोणाच्या वावरात शिरले तं फोन नाई करत बापू. त्याच्या दारात जाऊन उभं राहा लागते. हे तं मी पहिल्याच दिवशी कराले पाह्यजे होतं."

रविवारी सासरे, लेक आणि मी एसटीनं निघालो. सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घातली होती, सोयरीक जमवायला निघाल्यासारखं. मूर्तिजापूर गेलं तरी नात टॅबवर त्या उघड्या कोपऱ्यातच उभी होती. अकोल्यात ऑटोनं मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो. गल्ली एवढी अरुंद की शेवटचा तुकडा पायीच गेलो.

तिच्या अम्मीनं खुर्ची पुढे केली, पण सासरे बसले नाहीत. आतल्या दाराच्या पडद्याखाली दोन लहान पावलं दिसत होती. त्या पावलांकडे पाहून ते बोलले, "बाई, तुहं पीक म्या उपटलं. ह्या पोरीले मालूम बी नव्हतं. मले ते तन वाटलं. दुसऱ्याच्या वावरात विचारल्याशिवाय हात घातला, हे चुकलं माह्यं."

पावलं हलली नाहीत. मग पडद्यामागून आवाज आला, "ते घास नव्हतं, दादाजी. फूल होते."

"हो. आता समजलं."

"वीस दिन लागतात."

"मंग वीस दिवस पाणी म्या देतो. तू फक्त सांग कुठं लावाचं."

पडदा सरकला. ती आधी त्यांच्याकडे पाहत राहिली, मग माझ्या लेकीकडे. "तुझ्या बर्थडेसाठी होते," ती म्हणाली. त्यावर माझी लेक जी रडायला लागली, ती थांबेचना. मग तीही रडली, आणि मी, मुद्देसूद बोलणारी गणिताची बाई, त्या दोघींपेक्षा जास्त रडले. सासरे तेव्हा कुठे खुर्चीवर बसले आणि चहा घेतला.

दुपारभर दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसून त्यांच्या हातून बी लावून घेत होत्या. त्यांना काम मिळालं फक्त पाण्याचं. निंदण बंद. पुढचे वीस दिवस ते रोज पाणी द्यायचे आणि काही हिरवं दिसलं की अकोल्याला फोन लावायचे, "हे काढू का ठेवू?" फुलं वाढदिवसानंतर पंधरा दिवसांनी फुलली, निळी. पाटी बदलली: तिघांचं वावर. गेम शोधला मी, अटी लिहिल्या मी, आणि पाटीवर मी नाही. तक्रार केली तर सासरे म्हणाले, "तुले सालदार म्हणून ठेवतो, सालभराच्या मजुरीवर."

आता ते अंजनगावला परतलेत. डॉक्टरांनी वाकायला परवानगी दिली आहे. मागच्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा वावरात निंदणाच्या बाया लागल्या होत्या. सहज विचारलं, झालं का सगळं?

"होत आलं," ते म्हणाले. "धुऱ्याजवळ निळ्या फुलाचं काहीतरी उगवलं हाय. तनच होय, पण बायांले म्हटलं, तेवढं राहू द्या. अकोल्यावाली शाळेतून आली की विचारतो तिले."