एकाच हातच्या मिरच्या

मठ्ठ्याच्या मिरच्या तळताना तेल फार तापू द्यायचं नाही. मिरची तेलात पडली की बघता बघता काळपट तांबडी होते. तेवढ्यात झाऱ्याने काढली नाही तर करपलीच. आणि ती कढईतून काढल्या काढल्या कुरकुरीत लागत नाही. ताटलीत पसरून जरा गार होऊ द्यायची, मग तिला कुरकुरीतपणा येतो. हे नव्या मुलींना ठाऊक नसतं, त्या गरम मिरची चावून बघतात आणि फसली म्हणून पुन्हा तेलात टाकतात. नात्यातल्या मुली मला अजून विचारायला येतात आणि मी सगळं नीट सांगते. मी स्वतः मात्र ही मिरची तोंडात घालत नाही. कोणी विचारलं तर पित्त होतं म्हणते. ते खोटं आहे. मला पित्तबित्त काही होत नाही.

माझं लग्न होऊन मी बालाघाटला आले तेव्हा घरात तिघंच होतो. मी, नवरा आणि सासू. सासूला आमच्याकडे मामी म्हणतात. सासरे आधीच वारले होते. एक नणंद होती, ती जवळच्याच हट्टा गावात दिलेली. नवरा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीवर मजुरांची हजेरी लिहायचा, सकाळी सायकलने जायचा आणि संध्याकाळी काळ्या धुळीने माखलेला सदरा माझ्यापुढे टाकायचा. माझं माहेर तिरोड्याच्या बाजूचं. मधे मध्य प्रदेशाची हद्द आली होती खरी, पण अंतर काय होतं? सकाळच्या छोट्या गाडीने गोंदियाला जावं, तिथून पुढची गाडी धरावी, दुपारच्या जेवणाला बापाच्या घरी. मामींना मात्र चिडवायला तेवढी हद्द पुरायची. माझं काही चुकलं की "तुमच्या महाराष्ट्रात असं करतात वाटते" हे ठरलेलं. त्यांचं स्वतःचं माहेर भंडाऱ्याकडचं होतं, ते त्या सोयीने विसरत.

चैत्र संपता संपता मिरच्या घालायच्या. जाड, फिक्या हिरव्या, फार तिखट नसलेल्या मिरच्या बाजारातून आणायच्या, धुऊन पुसून कोरड्या करायच्या, देठ ठेवून मधोमध चीर द्यायची. धणे, जिरे, मेथी, हिंग, हळद आणि मीठ कुटून त्यात भरायचं. मग आंबट मठ्ठ्यात बुडवून ठेवायच्या. सकाळी मठ्ठ्यातून काढून अंगणातल्या खाटेवर धोतर अंथरून त्यावर उन्हात पसरायच्या, संध्याकाळी परत त्याच मठ्ठ्यात. मठ्ठा सगळा मिरचीत जिरेपर्यंत हे चालतं. शेवटी मिरची वाळून खडखडीत होते, मग बरणीत भरायची आणि वर्षभर लागेल तशी तळायची. लोणचंच ते, फक्त वाळवून ठेवायचं आणि तळून खायचं. हाताची मात्र अशी आग होते की त्या दिवसांत मी डोळ्यांना पदरच लावायची, बोट नाही.

याला एक नियम होता. ज्या हाताने मीठ भरलं त्याच हाताने शेवटपर्यंत करायचं. मधे हात बदलला की मिरचीला बुरशी येते. हा नियम मामींचा एकटीचा नव्हता, माझ्या माहेरीही होता आणि मी तो लहानपणापासून ऐकत आले होते. त्यामुळे मामी आधी माझे दिवस मोजायच्या. मी बाहेरची होऊन, न्हाऊन घरात आले की दुसऱ्याच दिवशी मिरच्या बाजारातून यायच्या, म्हणजे मधे खंड नको. माझ्या अंगाचा हिशेब माझ्यापेक्षा त्यांनाच पक्का होता.

पहिल्या वर्षी त्यांनी शेजारी बसून माझ्याकडून करून घेतलं. दुसऱ्या वर्षी जाहीर केलं की सुनेचा हात आपल्याहून चांगला आहे, आणि तेव्हापासून मिरच्या माझ्या झाल्या. त्यांची पन्नाशी जेमतेम उलटली होती. पण सून आल्यावर वय वाढतंच. मला तेव्हा त्या कौतुकाने आनंद झाला होता हे खोटं कशाला बोलू? नणंदेकडे, भावकीत, खाणीवरच्या ओळखीच्या घरांत मिरच्यांचा वानोळा जायचा आणि लोक म्हणायचे, हात आहे बुवा सुनेला.

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी मिरच्या मठ्ठ्यात पडल्या आणि दोनच दिवसांनी माझा भाऊ मला न्यायला आला. बापाने जेवण सोडलं होतं. डॉक्टरने आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. बाप माझं नाव घेत होता. भावाने हे मला सांगितलं नाही, मामींना सांगितलं, कारण नेण्याचं बोलणं सासूशीच करायचं असतं. मी दाराआड उभी राहून ऐकलं.

मामींनी त्याला हातपाय धुवायला पाणी दिलं, जेवायला बसवलं. मला खिचडी टाकायला सांगितली आणि मागच्या वर्षीच्या मिरच्या तळायला सांगितल्या. मी तळल्या. भाऊ जेवत होता आणि मामी त्याच्यासमोर बसून अगदी गोड आवाजात सांगत होत्या की पोरीला कोण अडवतं, तिचं घर आहे ते, पण मिरच्या अर्ध्यात आहेत, तुमच्याकडेही हे असतंच. चार उन्हं लागली की पाठवते. भावाने मान खाली घातली. मुलीकडच्या माणसाने मुलीच्या सासरी जेवताना आणखी काय करायचं असतं? त्याने ताटातली मिरची खाल्ली आणि चांगली झाली म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो एकटाच परत गेला.

त्या दुपारी आभाळ भरून आलं. वैशाखात आमच्याकडे असं येतं, कधी गारा पडतात, कधी नुसतंच झाकोळून राहतं. त्या वर्षी नुसतं झाकोळून राहिलं. मिरच्या सकाळी खाटेवर टाकाव्या आणि संध्याकाळी तशाच ओल्या, चिकट उचलाव्या. मठ्ठा काही कमी होईना. मी दर घटकेला अंगणात जाऊन मिरच्या दाबून बघत होते. त्या दिवसांत आभाळाला मी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात कोणाला दिल्या नसतील.

शेजारी एक हिंदी बोलणारी बाई राहायची, तिचा नवरा जंगल खात्यात होता. तिला माझ्या बापाचं कळलं तेव्हा ती कुंपणापाशी येऊन मामींदेखत मला म्हणाली, "भाभी, आप चली जाओ. मिर्ची हम सुखा देंगे, धूप तो हमारे आँगन में भी आती है." मामी हसल्या. त्यांनी तिला आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं की आमच्या मिरचीचं तसं नसतं, हात बदलला की सगळी बरणी जाते. त्या बाईने माझ्याकडे बघितलं. मीही मान डोलावली, कारण तेव्हा मलाही ते खरंच वाटत होतं.

नवऱ्याशी मी एकदाच बोलले. तो सकाळी सायकलीत हवा भरत होता. मी म्हटलं, दोन दिवसांसाठी नेऊन सोडा, मी लगेच परत येते. तो हवा भरत राहिला.

"माय म्हन्ते तं थांब ना दोन रोज," तो म्हणाला. "बुढा काही आजच जाऊन नाही राह्यला."

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्याच्याकडे वाईटपणाही नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. आईचा शब्द पडला की त्याची सायकल निघालीच.

मग ऊन पडलं, चांगलं कडक पडलं. मठ्ठा तळाला गेला होता, आता फार दिवस लागणार नव्हते. मी मनात सामान बांधायला घेतलं. त्या सकाळी मिरच्या खाटेवर पसरून मी हात धूत होते तेव्हा माहेरच्या गल्लीतला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याने चपला काढल्या नाहीत. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो नको म्हणाला. माझ्या माहेरून भाऊ न येता दुसरा माणूस येतो आणि पाणी नको म्हणतो, म्हणजे काय ते मला तो बोलायच्या आधीच कळलं.

मामी तेव्हा कशा होत्या ते सांगितलं पाहिजे. त्यांनी मला जवळ घेतलं, रडल्या. माझी पिशवी त्यांनीच भरली. शेजारच्या माणसाला सायकलने भरवेलीला पिटाळलं, नवरा तासाभरात घरी आला, त्याला सुट्टीही मिळाली. "जाय, लवकर जाय, गाडी भेटन," असं त्या मला दारापर्यंत ढकलत म्हणत होत्या. खाटेवर मिरच्या तशाच उन्हात होत्या. त्यांच्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. जिवंत बापाला भेटायला जी वाट मिळत नव्हती, ती मेलेल्या बापासाठी अशी मोकळी झाली.

मी पोचले तेव्हा नदीवरून माणसं परत आली होती. त्या उन्हात कोण किती थांबणार? भाऊ माझ्याशी कितीतरी दिवस बोललाच नाही. दहाव्यानंतर एकदा ओसरीत दोघंच होतो, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "रोज गाडीच्या टाइमाले बाबा खाट दाराकडे फिरवाले लावे."

मी विचारलं, मी का येत नाही हे बापाला सांगितलं होतं का. तो हौ म्हणाला. मिरच्या घातल्या आहेत, वाळल्या की येते, असं सांगितलं होतं. बापाने ते ऐकून मान हलवली होती. त्याला पटलं होतं. आमच्या घरचाही तोच नियम होता ना. हात कसा बदलणार, असं म्हणून तो परत दाराकडे बघत पडला.

तेरावं करून मी बालाघाटला परतले. मिरच्या नासून गेल्या असणार, मामींनी त्या फेकल्या असणार, हे मी धरूनच चालले होते. खरं सांगायचं तर मला त्या नासलेल्याच हव्या होत्या. दोन दिवसांनी मामींनी खिचडी टाकायला सांगितली आणि फडताळातली मोठी बरणी काढून दिली. बरणी काठोकाठ भरलेली होती. मागच्या वर्षीच्या मिरच्या एवढ्या उरल्याच नव्हत्या. मी एक उचलून नाकाशी धरली, मोडून पाहिली. कडक, कोरडी, कुठे बुरशीचा ठिपका नाही. तळली तर तशीच काळपट तांबडी झाली आणि गार झाल्यावर तशीच कुरकुरीत.

मी मामींना विचारलं, या कोणी पुऱ्या केल्या. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सहज सांगितलं की मठ्ठ्यात त्यांनी घातल्या आणि त्यांचे गुडघे दुखतात म्हणून उन्हात टाकायचं, उचलायचं काम शेजारणीने केलं. म्हणजे एक सोडून दोन हात बदलले होते. मी म्हटलं, हात बदलला की नासते म्हणत होता ना.

"मंग का फेकून द्याच्या होत्या?" मामी म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या, आणि पुढे तांदूळ निवडायला लागल्या. त्यांना नियम खोटा आहे हे आधीपासून माहीत होतं, असं मला वाटत नाही. त्याही तो मानतच असाव्यात. पण तो मोडावा लागला, मोडला, काही बिघडलं नाही, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. मनात एकदा तरी यायला नको होतं का, की मग या पोरीला आपण कशासाठी थांबवलं? लबाडी केली असती तर मी कधीतरी माफ केलं असतं. मला राग येतो तो याचा, आणि तो अजून गेलेला नाही.

ज्येष्ठात नणंद माहेरी आली. हट्ट्याला तिच्याकडे वानोळा आधीच पोचला होता. दुपारी ती, मामी आणि नवरा जेवायला बसले, मी वाढत होते. नणंदेने मिरची कडकन तोडली आणि कौतुकाने म्हणाली की यंदाच्या तर मागच्याहून छान झाल्या, सासरी सगळे विचारत होते, वहिनीचा हातच तसा आहे. मला वाटलं मामी बोलतील. त्या कढी भुरकत राहिल्या. नवऱ्याला तर सगळं माहीत होतं, तोही ताटात बघत होता.

मी मिरच्यांची ताटली खाली ठेवली.

"ह्या माह्या हातच्या नाहीत, ताई," मी म्हटलं. "मामींनं केल्या, शेजारनीनं वाळवल्या. हात बदलला तं काहीच होत नाही. माह्या बापाले तेवढं सांगाचं राह्यलं."

नणंदेचा घास हातात राहिला. तिने आधी आईकडे पाहिलं, मग भावाकडे.

मामींनी वाटी खाली ठेवली. "जेवताना मेल्या मानसाचं नाव घेऊ नाही," त्या म्हणाल्या.

मग सगळे पुन्हा जेवायला लागले.